दिलावरभाईंच्या स्नायूचा दुसरा तुकडा

हलीमाचाची, साजिद, मोहल्ल्यातले वडीलधारे आणि बंधुभगिनींनो,

एवढी माणसं आलीत की शाळेचा हा वर्ग पुरला नाही. व्हरांड्यातल्यांनाही ऐकू जावं असं बोलायचा प्रयत्न करते. साजिदने बोलायला सांगितलं तेव्हा मी नकोच म्हटलं होतं. पण एक गोष्ट अशी आहे, जी दिलावरभाई गेल्यावर फक्त मलाच माहीत आहे. ती सांगायला हवी.

माझं नाव वैदेही. मी इथलीच, रत्नागिरीची. पुण्याला एका प्रयोगशाळेत स्नायूंच्या पेशींवर काम करते. रक्ताच्या नळ्या घेऊन तुमच्या मोहल्ल्यात फिरणारी बाई, ती मीच.

दिलावरभाई जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. पंचविशीच्या आतच त्यांना शिडी चढवेना. नोकरी सोडून घरी आले. चालताना तोल जायचा. एकदा भर दुपारी जेटीवर पडले, आणि गावात झालं, दिलावर पितो. ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. ज्या माणसाने कधी थेंब घेतला नाही, त्याचं! मी आज कुणाला दोष द्यायला उभी नाही. आजाराला नाव नव्हतं, म्हणून लोकांनी आपल्याला सुचलं ते नाव दिलं.

औषधं झाली, तेलं झाली. जो तो सांगायचा, व्यायाम कर, पाय मोकळे होतील. मग हे रोज टेकडी चढायचे. पोटऱ्या फाटतील इतकं दुखेपर्यंत चढायचे. आणि महिन्यागणिक पाय जास्तच जात होते.

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ते पडवीत खुर्चीवर बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, बिघाड कुठे आहे ते शोधायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, या सगळ्याने मी बरा होणार काय?

मी म्हटलं, "नाही. बहुतेक नाही."

ते म्हणाले, "आजपर्यंत जो आला तो हो म्हणून गेला. तू हो म्हणाली असतीस ना बाय, तर इथूनच परत पाठवली असती. सही कुठे करू?"

आता ती गोष्ट. चाची, तुम्ही त्यांची आई, पण ही तुम्हालाही माहीत नाही.

इथल्याच एका दवाखान्यात तुकडा काढला. मी तो डबा मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला निघाले. स्नायू गार ठेवायचा असतो, पण गोठू द्यायचा नसतो. गोठला की पेशी मरतात. मी नवखी होते, घाबरलेली होते. नळी सरळ डीप-फ्रीझरमधून काढलेल्या बर्फात खुपसली, वरून आणखी बर्फ भरला. पुण्यात डबा उघडला तेव्हा तुकडा दगडासारखा झाला होता. एकही पेशी जगली नाही. एका माणसाने अंगातलं काढून दिलेलं मी वाया घालवलं होतं.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. परत आले. पडवीत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. त्यांनी विचारलं, पुन्हा कापावं लागेल काय? मी मानेनेच हो म्हटलं.

"मग तू कशाला रडतेस? मांडी तर माझी आहे."

आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाले, घरात काही बोलू नको. अम्माला वाटेल, पोरीला काम येत नाय. मी सांगतो, डॉक्टरांना आणखी एक तुकडा लागतोय म्हणून.

चाची, तुम्हाला तेव्हा सांगितलं ते खरं नव्हतं. डॉक्टरांना आणखी एक लागत नव्हता. पहिला मी खराब केला होता. आज सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.

दुसऱ्या वेळी निघण्याआधी त्यांनी डबा माझ्याकडून भरवून घेतला. नळी कुठे, बर्फ कुठे, मध्ये कापड किती, सगळं पाहिलं. मगच म्हणाले, आता जा.

त्या पेशी जगल्या. आपला स्नायू वापरताना पेशीच्या आवरणाला बारीक चिरा जातात. तुमच्याही जातात, माझ्याही जातात, आणि क्षणात बुजतात. दिलावरभाईंच्या पेशीत ती चीर बुजतच नव्हती. बुजवणारं प्रथिन त्यांच्या अंगात जन्मापासून नव्हतं. म्हणजे बघा, टेकडी जितकी चढायचे तितक्या चिरा वाढत होत्या.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या न बुजणाऱ्या चिरेचं केलेलं चित्रीकरण मी लॅपटॉपवर त्यांना दाखवलं. पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं त्यांनी. शेवटी हसले. "म्हणजे मी पीत नव्हतो, हे आता मशीनपण सांगतंय."

मग हाक मारून भावाला, साजिदला बोलावलं आणि त्यालाही तपासून घ्यायला लावलं. साजिदच्या पोटऱ्या तेव्हा दुखायला लागल्या होत्या, पण तो घरात बोलत नव्हता. आजार तोच निघाला. डॉक्टरांनी त्याचं बंदरावरचं ओझं उचलणं बंद केलं. आता तो बसून बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि आज इथे स्वतःच्या पायांनी आला आहे. पुढचं मी सांगू शकत नाही. औषध अजून नाही. पण भावाने चढलेली टेकडी त्याला चढावी लागली नाही.

दिलावरभाई गेल्या महिन्यात न्यूमोनियाने गेले. दफन झाल्यावर मी चाचींकडे गेले. म्हटलं, त्यांच्या पेशी अजून आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत, त्यांवर काम चालू आहे. तुम्हाला वाटत असेल की त्याही मातीला मिळाव्यात, तर मी स्वतः घेऊन येईन.

चाचींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "त्याने दिलं ते दिलं. दिलेलं परत नाय घ्यायचं. तू काम कर."

मी काम करते आहे, चाची.

दिलावरभाई, तुम्हाला माझा सलाम.

आता थोडा वेळ आपण सगळे गप्प राहू. ज्याला दुआ मागायची त्याने दुआ मागावी, ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत. उभं राहायची गरज नाही. साजिद, तू उठू नकोस. आम्हीही बसूनच राहतो.