खालची नळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नेमबाजी मंडळाचा सगळा भार वाहणारे श्रीयुत एनियो बेलेरी, व्यासपीठावर बसलेल्या महापौरबाई, आदरणीय फादर फाउस्तो, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते उस्ताद जेर्वाझिओ पिंतोस्सी, त्यांच्या पत्नी आउसिलियाताई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडक्यांत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी निव्हेस गित्ती. आपल्या खोऱ्यातली शाळेची बस चालवते. इथल्या निम्म्या लोकांना मी शाळेत पोचवलंय, उरलेल्यांच्या पोरांना पोचवतेय. बाहेर अंगणात सकाळपासून सळईवर मांस फिरतंय आणि त्याचा वास इथवर येतोय. तेव्हा मी आटोपशीर बोलेन. अध्यक्ष हसतायत, कारण मागच्या वर्षीही मी हेच म्हणाले होते.

उस्तादांनी चव्वेचाळीस वर्षं बंदुकीच्या नळ्या घडवल्या, दुरुस्त केल्या, आणि आज ते निवृत्त होतायत. त्यांच्या कौशल्याबद्दल आधीचे वक्ते पुष्कळ बोलले. मला फक्त एका बंदुकीबद्दल सांगायचंय. ती माझी आहे. आणि हे सांगायला मी उस्तादांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. पण आउसिलियाला मी आधी घरी सांगतो." तेही झालंय.

विसाव्या वर्षी वडिलांनी मला दुनळी घेऊन दिली. एकावर एक नळ्या असलेली. तेव्हापासून दर रविवारी मी मातीच्या तबकड्या फोडत आले. नवरा गेला त्या वर्षीही एक रविवार चुकवला नाही. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या छातीची शस्त्रक्रिया झाली. खांद्यापर्यंत टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, आता बंदूक विसरा. तिचा एक धक्का आणि आठवडाभर झोप नाही."

मी विसरायचा प्रयत्न केला, देवाशपथ. हलकी काडतुसं आणली, दस्त्याला जाड रबर लावलं. पण बार उडायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. तबकडी आपली मजेत पुढे निघून जायची. दुखण्याची भीती किती मोठी असते, हे ज्याला दुखलंय त्यालाच कळतं, नाही का? एका रविवारी पंचवीसपैकी नऊ फुटल्या. मी बंदूक पेटीत घातली आणि थेट उस्तादांच्या कारखान्यात गेले.

"काय गं, विकायला आणलीस?"

"तसंच समजा. नाहीतर काहीतरी करा तिचं."

तुमच्यापैकी निम्मे हाच धंदा करता. बाकीच्यांसाठी उस्तादांनी मला सांगितलं ते सांगते. नळीत काडतुसाच्या पुढे एक घसा असतो. जुन्या बंदुकांत तो आखूड आणि एकदम अरुंद होणारा. छर्रे त्यातून घुसताना चेपतात, वेडेवाकडे होतात आणि बाहेर पडल्यावर भलतीकडे जातात. घसा लांब आणि गुळगुळीत केला, नळी आतून केसभर रुंद केली, तोंडाशी ती जिथं आवळलेली असते तिथं किंचित सैल केली, की छर्रे शिस्तीत निघतात. धक्काही मवाळ होतो.

"किती मवाळ?" मी विचारलं.

"मोजायला गेलीस तर फार नाही. पण आता खांद्याला गुद्दा बसतो ना, त्याऐवजी कुणीतरी ढकलल्यासारखं वाटेल. जमलं तर. धातू एकदा काढला की परत लावता येत नाही, हे ध्यानात ठेव."

मग त्यांनी नळ्यांची जाडी मोजायला घेतली. वरची झाली. खालच्या नळीपाशी ते थांबले. पुन्हा मोजली. नळी फिरवून पुन्हा मोजली. उलटी करून खालची कारागिराची खूण भिंगातून पाहिली.  उस्ताद पुन्हा पुन्हा मोजतात तेव्हा काम चाललंय, असं आपण समजतो. मीही तेच समजले.

"निव्हेस, बस जरा. ही नळी मी केलेली आहे."

"मग बरंच झालं की!"

"बरं नाही झालं."

त्यांनी सांगितलं ते असं. पंचविशीत ते एका कारखान्यात होते, तो आता राहिला नाही. शनिवारची दुपार, ऑर्डर तातडीची, मुकादम डोक्यावर उभा. एका नळीचं छिद्र जरासं एका अंगाला सरकलं. म्हणजे भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ. मापात बसत होती, पण जेमतेम. मुकादम म्हणाला, "बसतंय ना? मग सरकव पुढे." यांनी सरकवली. सरकारी चाचणीतही ती पास झाली. पण सोमवारी सकाळपासून यांच्या डोक्यात एकच विचार: उद्या कुणी अर्धवट कारागिरानं ती आतून आणखी रुंद केली आणि बार उडताना ती फुटली तर? नळीखाली माणसाचा डावा हात असतो.

बंदूक कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं. नंबर टिपलेला नव्हता. कुठे नळी फुटल्याची बातमी आली की हा माणूस जेवण सोडून उठायचा. अडतीस वर्षं!

मी रागावले का? हो, रागावले. खोटं कशाला बोलू? मी माझ्या डाव्या पंजाकडे पाहिलं आणि ओरडले, "अहो, अडतीस वर्षं माझा हात तिथं आहे, उस्ताद!"

"म्हणूनच तर सांगतोय."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर तुला कळलं नसतं. मी तुला दुसरी बंदूक देतो, निव्हेस. माझ्याकडची कुठलीही उचल."

"मला दुसरी नको. ही माझ्या वडिलांनी दिली आहे. हिचं काही करता येतं की नाही, तेवढं बोला."

त्यांनी नळी पुन्हा टोकापासून टोकापर्यंत मोजली. मग म्हणाले, "घशापाशी भिंत जाड आहे. तिथं करता येईल. तोंडाशीही थोडं. मधे मात्र मी हात लावणार नाही, तू पाया पडलीस तरी."

"पाया कोण पडतंय?"

पाच आठवडे लागले. घसा हातानं रीमर, म्हणजे आतून कापणारं अवजार, फिरवून केला, यंत्रावर नाही. थोडं कापायचं, पुसायचं, मोजायचं. मग बंदूक पुन्हा चाचणीघरात न्यायची होती. तिथं नेहमीपेक्षा कितीतरी जोरकस काडतुसं, भिंतीआड, दोरी ओढून उडवतात. एरवी उस्ताद माणूस पाठवतात. त्या मंगळवारी कोट घालून स्वतः निघाले. मीही बस दुसऱ्याच्या गळ्यात घालून गेले.

बाहेर बाकावर आम्ही दोघं. वरच्या नळीचे दोन बार झाले.  मी पेपरमिंट पुढे केलं. त्यांनी घेतलं आणि खिशात टाकलं, कागदासकट. खालच्या नळीचा पहिला बार झाला. मग बराच वेळ काहीच नाही. आत कुणीतरी बोलत होतं. मी मनात माळ जपायला लागले, फादर, आणि अर्ध्यातच विसरले. मग चौथा बार झाला.

चाचणीवाला नळ्या घेऊन बाहेर आला. "फुगवटा नाही, चीर नाही. आता शिक्का मारतो. तुम्ही दोघं इतके पांढरे का पडलात? कॉफी घ्या."

 उस्तादांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि तसेच बसून राहिले. मी कॉफी आणली, ती मीच प्यायले. दोन्ही.

तिथून आम्ही मैदानावर गेलो. पस्तीस पावलांवर मोठा कागद लावला. पूर्वी माझ्या बंदुकीचे छर्रे डावीकडे भलं मोठं रिकामं ठेवायचे, एखादी चिमणी आरामात निसटावी असं. आता कागदभर सारखे. बोटानं टिपून ठेवल्यासारखे. पण कागदाकडे मी नंतर पाहिलं. बार उडाल्यावर मी डोळे घट्ट मिटून उभी होते, खांद्यात कळ येईल म्हणून वाट पाहत.

"काय झालं?" उस्ताद मागून घाबरून विचारतायत. "दुखलं?"

"थांबा, अजून आलं नाही."

"काय आलं नाही?"

"दुखणं!"

ते आलंच नाही. मी पंधरा बार उडवले. संध्याकाळी खांदा थोडा ठणकला, इतकंच. त्या रविवारी पंचवीसपैकी एकोणीस फुटल्या, याला अध्यक्ष साक्षीदार आहेत. डॉक्टरीणबाईही आज इथं आल्यात. बाई, मी तुमचं ऐकलं नाही, माफ करा.

आता शेवटचं. त्या मंगळवारी दुपारी चार वाजता मला आउसिलियाताईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. "निव्हेस, तू ह्यांना काय केलंस? बारा वाजता आले, दोन ताटं मक्याचा पोलेंता खाल्ला, खुर्चीतच झोपले, ते अजून उठत नाहीत. इतक्या वर्षांत हा माणूस दुपारी कधी झोपला नाही. डॉक्टरला बोलवू का?"

मी विचारलं, "घोरतायत का?"

"खिडक्या हलतायत गं!"

"मग झोपू दे त्यांना, ताई. खूप दिवसांची राहिली आहे."

उस्ताद, तुम्ही मला सांगितलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. मंडळानं मला बोलायला उभं केलं, अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहूनही अडवलं नाही, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे अधिकउणं झालं असेल, तर बसवाल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. उस्ताद, उद्यापासून कारखाना बंद. दुपारी निवांत झोपा.