एका बाजूला एक सुई

अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले चावीमास्तर, त्यांच्या शेजारी बसून माझ्याकडे संशयाने पाहणाऱ्या वहिनी, आणि ग्रामोफोन संग्राहक मंडळातील बंधुभगिनींनो,

मास्तर दुकान बंद करून लेकीकडे निघाले. त्यांनी किती गंजक्या स्प्रिंगा बदलल्या, किती चेपलेले कर्णे सरळ केले, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच. मला एकाच यंत्राबद्दल बोलायचे आहे. माझ्या.

माझी ताई तरुणपणीच गेली. तिच्या गाण्याची एकच तबकडी, तिची दुसरी प्रत नाही. ती ऐकण्यासाठी मी भंगारातून चावीचा ग्रामोफोन उचलला. मास्तरांनी तीन महिने खपून तो बोलता केला, तबकडी लावली, आणि ताई गाऊ लागली. मास्तर हातातले फडके तसेच धरून उभे राहिले. मग सुयांची डबी देत म्हणाले, "साहेब, एका बाजूला एक सुई. तबकडीची एक बाजू वाजली की सुई फेकायची."

"अहो, दहादा काय सांगता? मी काय पहिलीत आहे?" मी म्हणालो.

मित्रहो, कपाटे भरून ग्रंथ वाचलेल्या माणसाला एक सुई बदलता येऊ नये? पण गाणे संपले की लगेच पुन्हा हवे असे. मधली शांतता सोसत नसे. एकाच सुईवर मी ताईला महिनाभर गायला लावले. बोथट सुईने तबकडी खरवडली. उरली नुसती खरखर.

मास्तरांना घरी बोलावले. त्यांनी सुई काढली, उजेडात धरली, खिशात टाकली. "बघतो," म्हणाले.

आणि मी? पुढच्याच सभेत, याच माईकसमोर गरजलो, "या माणसाच्या यंत्राने माझ्या बहिणीचा आवाज मारला!" काय टाळ्या पडल्या! त्या वर्षी मास्तर मंडळाचे अध्यक्ष व्हायचे होते. पुन्हा कुणी त्यांचे नाव काढले नाही.

याला सोळा वर्षे झाली. गेल्या आठवड्यात निरोप घ्यायला दुकानात गेलो. "या साहेब," वहिनी म्हणाल्या, "आज काय बिघडवलंय आमच्या यांनी?" त्यांनी खणातून एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत तीच झिजलेली सुई. वर माझे नाव, तारीख.

मी विचारले, "मास्तर, तेव्हाच सभेत का नाही दाखवलीत?"

"ताईंचा आवाज तुमच्याच हातून गेला, हे कळून तुम्ही जगला असता का? माझी काय, एक खुर्ची गेली."

मास्तर, दुकानात नाही सांगितले, ते आज सर्वांसमोर सांगतो. मला ते ठाऊक होते. टाळ्या पडत होत्या तेव्हाही ठाऊक होते.

ताईला नीट गाताना त्या यंत्रावर ऐकलेली माणसे दोनच. त्यातले एक आज निघाले.

भाषण संपवताना चुकल्यामाकल्याची माफी मागायची रीत आहे. माझे काय चुकले, ते मी नेमके सांगितले आहे. माफी सभेची नको, मास्तरांची हवी. आणि त्यांनी ती दिलीच पाहिजे असेही नाही. अध्यक्ष महोदया, याच माईकसमोर पुन्हा उभे राहू दिलेत, आभारी आहे. आज कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका.