पहिल्या नंबराचं सोंग

शिंपी: या, या, दूधवाल्या मावशी! दारातच का उभ्या? खऱ्याच आहात ना? आज मुखवट्यांचा सण. ज्याला मनात आणून मुखवट्याची गाठ मारावी त्याचा चेहरा नि आवाज मिळतो. सकाळपासून तीन फौजदार भेटले मला, त्यातला एकही खरा नाही.

दूधवाली: माझ्यासारख्या म्हातारीचं सोंग कोण घेतंय, शिंपीदादा? चौकातली तुमची नक्कल तेवढी हुकली माझी. लोक पोट धरधरून हसले म्हणे.

शिंपी: पहिला नंबर! आधी मीही फौजदारच झालो होतो, कुत्रंसुद्धा हसलं नाही. मग बायकोला मनात आणून गाठ मारली.

दूधवाली: मलाही दाखवा की.

शिंपी: मुखवटा उतरवलाय आता, पण ऐका. 'अ-अ-अहो, क-क-कात्री...' मग असे डोळे मिटायचे, मान झटकायची. 'क-क-कात्री कु-कु-कु...' कोंबडीच जणू! काय हशा पिकला!

दूधवाली: मी मान झटकत नाही. हनुवटी दाबते.

शिंपी: तुम्ही? तुम्ही कशाला... अगं, तू?

बायको: मीच. मावशींना विचारून त्यांचा चेहरा बांधला. म्हटलं, तुम्हाला फसवावं, गंमत करावी. चौकात गर्दीत मागे उभी होते.

शिंपी: मला वाटलं, तू घरी असशील.

बायको: म्हणजे मी घरी असले की चालतं?

शिंपी: तसं नव्हे गं. सणातली थट्टा सणातच विरते, रीतच आहे ती.

बायको: मुखवट्यानं तुम्हाला माझा चेहरा दिला, आवाज दिला. अडखळणं त्यानं नाही दिलं. ते तुम्ही पदरचं घातलंत. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून काजं करते मी, तेव्हा तुम्ही हे शिकत होतात होय?

शिंपी: तोंड दाखवायला जागा उरली नाही मला.

बायको: आजच्या दिवशी तोंडांची कसली कमी?

शिंपी: बोल, हवं ते बोल. पण तो मुखवटा काढ आधी. दिवेलागणीची घंटा होईल. ती थांबेपर्यंत गाठ सुटली नाही, तर चेहरा कायमचा चिकटतो.

बायको: चिकटू दे. सकाळपासून माझा एक शब्द अडला नाही. या तोंडानं भाजीवाल्याशी भांडले, आणि जिंकले.

शिंपी: मग पोरीला काय सांगू मी?

बायको: पोरीचं नाव तुम्ही काढलंत? माझा हात धरून उभी होती चौकात. आधी हसली सगळ्यांबरोबर. मग तोंडावर हात ठेवला, तो अजून काढलेला नाही. मावशींकडे बसलीय.

शिंपी: का? तिला काय झालं?

बायको: तिचाही 'प' अडायला लागलाय हल्ली. तुमच्या कानावर आलं नाही?

शिंपी: पाणी मागताना... अगं, मला वाटलं, ती तुझी नक्कल करतेय. मी हसलो तेव्हा. शाबासकी दिली तिला.

बायको: नक्कल नव्हती ती.

शिंपी: मी चौकात जातो. सगळ्यांसमोर कान धरतो.

बायको: पुन्हा चौक? तिथं टाळ्याच मिळतील तुम्हाला. म्हणतील, काय झकास सोंग आणलंय!

शिंपी: मग तू सांगशील ते करतो. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर. पण ते तोंड काढ. तिच्यासारखं अडत बोलणारं घरात कोणी उरलं नाही, तर ती बोलेलच कशाला गं?

(घंटेचे ठोके सुरू होतात. ती मानेमागची गाठ सोडते.)

बायको: च-च-चला. ति-तिला घेऊन येऊ.

शिंपी: मी काय बोलू तिच्याशी?

बायको: क-काही नको. ती ब-बोलेल. तुम्ही त-तिचं... तिचं ब-बोलून होईपर्यंत थ-थांबा.