माहा अंगठा नाई देला

हॅलो?… हॅलो, कोन?… अवं मनकर्णा! बोल माय… हो, हो, ऐकू येते. सीमाच्या फोनवर नोको लावू, तो ठाण्यात हाय. हा तुह्या भाऊजीचा बटनाचा हाय.

तिवस्यापर्यंत गेली का खबर?… कोनं सांगतलं?… नाई वं! सुनेले अटक-बिटक काई नाई. फोन तेवढा नेला. पावती देऊन नेला.

अवं ऐक तं… खुशालरावची पौर्णिमा नाई का, कालेजातली… हो, तेच. घरातून गेली, लगन केलं. बापानं तक्रार देली, पोरगी हरवली म्हणून. आता आपली सीमा दवाखान्याची आशाताई, बाया तिले सारं सांगतात, तं ठाण्याचे साहेब आले घरी. सीमा म्हणे पोरगी एकवीसची हाय, खुशीनं गेली, हा पाहा तिचा मेसेज. दाखोला बी!… हो ना. पण साहेब म्हणे पुरा फोन खोल, मदत कोनकोनं केली ते पाहू.

… मंग काय, नाई म्हणे. सरळ! म्हणे याच्यात गावातल्या बायाचं दुखणंखुपणं हाय, कोर्टाचा कागद आणा… साहेब म्हणे, मेसेजच्या कंपनीले मांगू. तं सीमा म्हणे मांगा, ते कुलूपच असं हाय का कंपनीलेबी वाचता येत नाई… अशी बोलली! साहेबासमोर!

थांब ना, पुढचं ऐक. त्या फोनात अंगठा कोनाचा?… माहा! सीमाचा लागतच नाई, कापूस वेचूवेचू रेघा घासल्या. माहं गुडघ्यानं वावर सुटलं, तं माह्या रेघा वापस आल्या. रोज मीच खोलून देतो तिले.

साहेबाले समजलं ते. म्हणे आजी, तुमी ठेवा अंगठा, तुमाले काय त्याचं… नाई नाई, गोडीनंच बोलला. माणूस वाईट नाई. त्यालेबी पोरगी शोधाचीच हाय ना.

मी मूठ आवळली अन् पदराखाली घातली. म्हणलं साहेब, रेशनले देतो, बँकेत देतो, याले नाई देत!

… भेव? लागलं ना! पण सीमानं माह्याकडं असं पाह्यलं… अवं छाती फुगली माही. आपल्या घरची सून हाय वं ते!

… काय म्हणली?… तूबी तेच? लपवासारखं काय हाय म्हणते?… अवं मले का मालूम! मी रोज खोलतो, पण एक अक्षर वाचलं नाई. खोलला का तिच्या हाती देतो.

… हॅलो?… मनकर्णा? गेली का?…

… तुहाबी मेसेज हाय त्याच्यात?… तू पाठोला होता, सीमाले?… कायचा वं?…

… बरं. बरं, नाई विचारत. रडू नोको… कोनीच नाई पाह्यला माय. साहेबानंबी नाई, मीबी नाई.

थांब, सीमा आली वावरातून… सीमा, मनकर्णा मावशी हाय. घे… घे वं, बोल तिच्यासंगं. मी बाहीर बसतो, दार लोटून घेतो.