अंथरुणावरच्या आजीला उपदेश लागला

आमचे हे चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर, तुम्हाला ठाऊकच आहे. दर रविवारी आम्ही डोळखांबकडच्या एका पाड्यावर प्रार्थनेला जातो. तिथं यांनी एकदा देवाच्या कृपेवर इतका गोड उपदेश केला, की पुढच्या रविवारी सभेची जागा झाडायलाही कोणी आलं नाही. देव फुकट तारतो म्हटल्यावर झाडू कशाला धरायचा?

मग यांनी ठासून सांगितलं, "नुसत्या विश्वासानं भागत नाही. हातून काम दिसलं पाहिजे."

त्यानंतरच्या रविवारी जागा लख्ख होती, पण पाड्यावरच्या सोमीआजीची सून रडवेली होऊन आली. आजी कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली.

"तुमचा उपदेश मी काल सासूला सांगितला," सून म्हणाली. "तवापासून ती जेवत नाय. म्हनते, माज्या हातून आता काय काम व्हनार? देव मला घेनार नाय."

यांचा चेहराच उतरला. सभा संपल्यावर आम्ही तडक तिच्या घरी गेलो. आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे उशाशी बसले.

"आजी, सून तुम्हाला रोज भरवते. तुम्ही तिला काय देता?"

"काय देनार? तोंड उघडते."

"देवाची कृपाही तशीच घ्यायची. तेवढा विश्वास पुरे."

 आजी सुनेकडे वळून म्हणाली, "भात आन गो."

सून भात कालवायला बसली. डोळे पुसत यांना म्हणाली, "पास्टर, आता पुढच्या रविवारी प्रीतीवर बोला. पन जरा बेतानं बोला."