हे प्रार्थनेला जायला लागले

आणि वर मलाच म्हणतात, "तू संशयी आहेस!" मी? मी संशयी? अहो, तुम्हाला सांगते, संशय माझ्या स्वभावातच नाही! पण ज्या माणसाने उभ्या जन्मात देवापुढे हात जोडले नाहीत, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात सगळे प्रार्थनेसाठी डोळे मिटून उभे असताना ज्याने माझ्या कानात "इथे पंखा का नाही गं?" असं विचारलं, तो माणूस एक दिवस भरदुपारी भांग पाडून, बूट पुसून दारात उभा राहतो आणि म्हणतो, "जरा प्रार्थनेला जाऊन येतो"... आता तुम्हीच सांगा, मनात पाल चुकचुकणार नाही?

आमचे हे म्हणजे घड्याळवाले. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता दुकान बंद करून घरी बसलेत. बसलेत म्हणजे मतं देत बसलेत! मीठ शेवटी घालावं, खिडकी वरून खाली पुसावी, दारं हळू लावावीत... आणि देव? "देव नाही. आणि असलाच तर त्याला वेळ पाळता येत नाही." हे यांचं मत! आणि असा माणूस प्रार्थनेला?

मी सहज विचारलं हो, अगदी सहज. "कसली प्रार्थना?"

"साधीच."

"काय मागता?"

"काही नाही."

"मग जाता कशाला?"

"बसायला."

बसायला! घरात काय खुर्च्या नाहीत? पण नाही, ताकास तूर लागू देतील तर शपथ. गेले. परत आले ते गुणगुणत. गुणगुणत! आमच्या संसारात हा माणूस एकदाच गुणगुणलाय, तेही दाढ दुखत होती म्हणून.

मग शर्ट गेला. हिरव्या चौकड्यांचा, मीच घेतलेला. "कुठे गेला हो?" तर म्हणे, "असेल इथेच." मग एक उशीचा अभ्रा गेला. आणि मग, ऐका हं, माझा गाऊन गेला! निळा, कोपरावर फाटलेला. मी काही संशयी नाही, पण चोर शिरला म्हणावं तर चांदीची फ्रेम जागच्या जागी, आणि गाऊन गायब?

धाकट्या बहिणीला फोन केला. ती नेहमी काहीतरी चघळत बोलते. "ताई, कुरुम कुरुम, सांगू का, रागावू नकोस, कुरुम, बाई असणार!"

"अगं, बाई असेल तर माझा फाटका गाऊन कशाला नेतील?"

"मापाला!"

मापाला!! डोक्यात तिडीक गेली माझ्या. आणि त्याच संध्याकाळी यांच्या बाहीला काय चिकटलेलं? लांब... नाही, केस नाही. धागा. लाल धागा! मी चिमटीत धरून नाकासमोर नाचवला. "हे काय?" यांनी भिंग लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "धागा."

आणि मग हे स्वयंपाकघरात शिरले. तुम्हाला सांगते, गॅस डावीकडे फिरवतात की उजवीकडे हे ज्याला माहीत नाही, तो माणूस गाजराचं सूप करत होता. पातेल्यावर वाकून, श्वास रोखून, जसं काही आत स्प्रिंग बसवायचीय! म्हटलं, "हे कोणी शिकवलं?" तर म्हणे, "असंच." पहिल्या दिवशी करपलं, दुसऱ्या दिवशी खारट, तिसऱ्या दिवशी... खोटं कशाला बोलू, बरं झालं होतं. म्हणून तर संशय आणखी वाढला! बरं सूप कोणी उगाच करतं का?

वाटी माझ्या हातात देताना मला त्यांची बोटं दिसली आणि माझं तोंडच बंद झालं. हो, माझं! बोटांच्या टोकांवर बारीक बारीक टोचल्याच्या खुणा. काही ताज्या, काही वाळलेल्या.

माझ्या आईची बोटं शेवटी शेवटी अशीच झाली होती. रोज टोचून रक्त तपासायचे.

आणि मग एकेक गोष्ट डोक्यात अशी खटाखट बसत गेली की काय सांगू! देव आठवला. कपडे देऊन टाकतोय, जायला निघालेली माणसं देतात ना तसे. पचायला हलकं सूप शिकतोय. आणि मला सांगत नाहीये... का, तर मी घाबरेन! मी वाटी तशीच ठेवली, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि म्हटलं, देवा, बाईच असू दे रे! दोन असू दे! पण हे नको.

दुसऱ्या दिवशी हे निघाले तशी मी मागे. संशयाने नाही हो, काळजीने! मी प्रार्थनागृहात शिरले तर बाकं सगळी रिकामी, चिटपाखरू नाही. आणि मागच्या खोलीतून आवाज... हसण्याचा. बायकांच्या हसण्याचा! मी दार ढकललं.

मधोमध ही एवढी मोठी गोधडी चौकटीवर ताणून बसवलेली. भोवती बायका. आणि त्या बायकांच्या मध्ये, डोळ्याला भिंग लावून, जीभ दातांत धरून टाके घालतायत... आमचे हे! आणि समोर माझा निळा गाऊन, चौकोन चौकोन होऊन!

"दार लावा, थंडी येते," मुख्य बाई म्हणाल्या. निवृत्त नर्स, आवाज असा की आजारी माणूसही उठून बसावा.

मी तिथूनच ओरडले, "अहो, तुम्हाला काय झालंय? रक्त कशाला तपासता?"

"रक्त?" यांनी बोटांकडे पाहिलं. "शिवताना बोटात घालायची ती टोपी मला जमत नाही गं. सुई दिसत नाही तिच्यामुळे."

मी समोरच्या स्टुलावर बसले. "आणि प्रार्थना?"

"आधी प्रार्थना, मग सुई," नर्सबाई म्हणाल्या. "नियम आहे. आणि आळीपाळीने प्रत्येकाने सगळ्यांसाठी खायला आणायचं."

"अहो, मग सांगायचं ना घरी!"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कोणासाठी, कशासाठी, तिथे कोण कोण असतं..."

"मी कशाला विचारीन?" मी म्हटलं. आणि थोड्या वेळाने, "...कोण कोण असतं?"

अख्खी खोली हसली. हे नाही हसले. सुई कापडात खोचून ठेवली आणि खाली बघत म्हणाले, "आपलं पांघरूण तू रोज ओढून घेतेस. झोपेत. तुला कळतही नाही. मी काठावर कुडकुडतो. म्हटलं, एक नवीन करावं."

वेगळं! लागलंच ना मनाला. इतक्या वर्षांनी वेगळं पांघरूण? "म्हणजे तुमचं तुम्ही, माझं मी?"

"वेगळं नाही गं," हे म्हणाले. "मोठं."

मग काय, फुटलाच माझा बांध. नर्सबाईंनी ताबडतोब मला बाजूला सरकवलं, "रडायचं तर तिकडे, कापसावर नको." आणि रडून झाल्यावर हातात सुई दिली. मी घातले चार टाके. त्यांनी पाहिले, उसवले, आणि म्हणाल्या, "साहेबांचे बघा, कसे एका रेषेत!" आणि आमचे साहेब! भिंगातून माझ्याकडे बघून म्हणतात, "तुझे जरा तिरके येतात." मत दिलंच!

आता मीही जाते दर वेळी. नाही हो, लक्ष ठेवायला नाही, संशय माझ्या स्वभावातच नाही! पण ती कोपऱ्यातली लाल धाग्याची बाई यांना जरा जास्तच वेळा विचारते, "घड्याळवाले, हा टाका कसा घातला?" म्हणून आपली मी मध्ये बसते.

गोधडी परवा पूर्ण झाली. अहो, केवढी! पलंगावरून दोन्हीकडे जमिनीला टेकते. दोघांनी मिळून अंथरली, मी माझ्या बाजूला शिरले, हे त्यांच्या. मी मुद्दाम, जागेपणी, शुद्धीत, अर्ध्याहून जास्त त्यांच्या अंगावर घातली. कडासुद्धा खोचून दिल्या. यांनी सगळी लाथेने माझ्याकडे सारली आणि म्हणाले, "फार उकडतंय गं. तूच घे."

घेतली. करते काय!