खडकांना बांधलेली इंग्रजी

मंडळी, ऐका! पुस्तक एकच, अक्षरं तीच — एकाला विद्या येते, दुसऱ्याला का येत नाही? देवानं बुद्धी वाटताना हात आखडला? घाई नको. आधी डोळे मिटा, होडीत बसा!

कोकणात लवू तांडेल राहायचा. पर्यटकांना बेटावरच्या किल्ल्यात न्यायचा. नवा नियम आला — इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर होडी बंद! बापाच्या हातची होडी हो ती!

लवूनं सगळं पुस्तक घोकलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं मध्येच विचारलं, "हा दरवाजा कुठला?" झालं! गडी परत 'गुड मॉर्निंग सर'पासून सुरू! तीनदा गुड मॉर्निंग! नापास. — हसता काय? तुम्हाला आरती मधूनच म्हणा म्हटलं, तर येते?

बायको अनसूया किल्ल्यापाशी कोकम सरबत विकायची. बोलून बोलून इंग्रजी शिकलेली, चुकांची लाज नाही. म्हणाली, "माझ्यासारखं बोला!" पण चार गोरे समोर आले, की याची जीभ टाळ्याला!

एक पहाट. पाणी दुधासारखं. लवू रडवेला — "माझ्या डोक्यात नाय बसत गो!"

ती म्हणाली, "दर्यातलो रस्तो काय पुस्तकात वाचून शिकलात तुम्ही?"

नाही! देवळाचा कळस आणि एकटा माड एका रेषेत आले, की वाट सुरक्षित — हे डोळ्यांनी शिकला होता. मग रोज पहाटे होडी काढली. एकेका खडकाला एकेक वाक्य बांधलं. पाणकावळे पंख वाळवत बसलेले, आणि हा त्यांच्याशी हळूहळू इंग्रजी बोलतोय!

शेवटची परीक्षा, होडीतच. आणि धुकं! कळस नाही, माड नाही. साहेबानं मध्येच विचारलं, "पुढे काय आहे?"

लवूनं डोळे मिटले. वल्ह्याचा आवाज तेवढा... आणि आत सगळा किनारा उजाडला, हो! "ब्लॅक रॉक, सर. बर्ड्स ड्राय विंग्ज. वुई गो लेफ्ट."

धुकं विरळलं. डाव्या अंगाला वळलेल्या होडीशेजारून काळा खडक गेला, पंख पसरलेल्या पाखरांसकट! साहेब बघतच राहिला. व्याकरण लंगडं, पण माणूस पास!

अनसूयेची वाट जिभेची, लवूची डोळ्यांची. आणि तुमच्या लेकराची? — अहो, माहीत आहे का? 'घोक, घोक' म्हणून कान पिळलेत, आई-बापहो. मीही पिळलेत, पोराची माफी मागायची राहिलीय. आज घरी जा, त्याच्याजवळ बसा. विचारा — "बाळा, तुला कसं दिसतं?" आणि ते सांगेपर्यंत, कृपा करून, मध्ये बोलू नका.